यातले आपले कोणते?

रविवार, ८ सप्टेंबर २०२४

आज डोकं इतकं तापलंय की कुठेतरी मोकळं व्हायलाच हवं. ऑफिसात ओरडता येत नाही. घरी ओरडलो की शेरॉन म्हणते, "तुझ्यापेक्षा माझ्या वॉर्डातले मॉनिटर बरे, त्यांना म्यूटचं बटण तरी असतं." ती नर्स आहे. दिवसभर पेशंटची कुरकुर ऐकल्यावर घरी तिला आणखी एक नको असतो. म्हणून ही डायरी.

झालं असं. इतकी वर्षं मी दोह्यातल्या या कॉलेजच्या अ‍ॅडमिशन विभागात सुखाने फायली हलवत होतो. आज सकाळी विद्यार्थी विभागाच्या मुख्य, हजरा मॅडम, यांनी बोलावलं. "डग्लस, तू इंडियात व्हॉलीबॉल खेळायचास ना?" कधीतरी कॉफीच्या मशीनपाशी मी वसईच्या टुर्नामेंटच्या बढाया मारल्या होत्या, त्या यांनी लक्षात ठेवल्या. मी लाजत म्हणालो, "थोडंफार." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आमच्या कॉलेजात मुलांची व्हॉलीबॉल टीम आहे. बरी खेळते म्हणे, पण मॅच बघायला काळं कुत्रं फिरकत नाही. बोर्ड म्हणतं, बघायला कुणी नसेल तर टीम हवी कशाला? जिम मोडून तिथे ‘इनोव्हेशन हब’ काढा. मॅडमनी कशीबशी फेब्रुवारीपर्यंत मुदत मागून घेतली आणि ती माझ्या गळ्यात बांधली. खुर्ची तीच, पाटी नवी: ‘फॅन एंगेजमेंट लीड’.

"स्टुडंट्सना टीमबद्दल प्रेम वाटलं पाहिजे, डग्लस."

"फेब्रुवारीपर्यंत?"

"इन्शाल्ला."

शेरॉनला सांगितलं तर म्हणाली, "तुला तोंड उघडायला कुणी सांगितलं होतं?" आमची जेन याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिने मोबाइलमधून मान वर न काढता म्हटलं, "ओ नो, डॅडी." मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं.

मंगळवार, २४ सप्टेंबर

पहिली होम मॅच. हरलो. पण तो माझा विषय नाही, माझा विषय प्रेक्षक.

माणसं मोजायचं यंत्र घेऊन मी दारात उभा राहिलो, आणि थोड्या वेळाने ते खिशात घातलं. इतक्या कमी माणसांना यंत्र लावायची लाज वाटली. सगळ्या रांगा मोकळ्या असताना जी काही पोरं आली ती सगळ्यात वाईट जागी जाऊन बसली. मागचा कोपरा, समोर खांब, डोक्यावर एसीचा झोत. कॅमेऱ्यात ती येतच नाहीत. फोटोत आमचं जिम भुतांच्या बंगल्यासारखं दिसतं.

या कोंडाळ्याचा म्होरक्या अवधूत. उंच, किडकिडीत, वडील पुण्याचे, गॅस कंपनीत इंजिनिअर. हा मुलगा कँटीनमधून बिर्याणीच्या पातेल्याचं झाकण उचलून आणतो आणि त्यावर डाव बडवतो! दुसरा प्रकार त्याहून वाईट. आपल्या टीमचा लिबेरो, म्हणजे मागे राहून जमिनीलगतचे बॉल उचलणारा, तो फजल. मलयाळी घरातला, जन्म दोह्याचाच. बुटका, पण चपळ असावा. तो बॉलसाठी जमिनीवर झोकून देऊन घसरत गेला की ही सगळी पोरं एका सुरात ओरडतात, "पोछाऽऽ!" लादी पुसायचा पोछा. ज्यांना हिंदीचा गंध नाही ती अरब पोरंसुद्धा. आणि आमचे ट्युनिशियन कोच हातिम बाकावर बसून हसत होते!

जेनही त्या कोंडाळ्यात होती. मला बघून तिने ओळख दाखवली नाही.

आपल्याच खेळाडूला पोछा म्हणायचं! म्हणजे मला सुरुवात शून्यापासून नाही, शून्याच्याही खालून करायची आहे.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

कन्सल्टंट आला होता. गोरा, तरुण, मोजे न घालणारा. त्याचं निदान असं की टीमच्या नावात ‘एनर्जी’ नाही. पहिल्या वर्षी टीमचं नाव फाल्कन्स होतं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की या देशात दर तिसरी टीम फाल्कन्स आहे, म्हणून ओरिक्स, म्हणजे इथलं लांब शिंगांचं हरीण, झालं. आता वेव्ह्ज. लाटा. रंग आधी मरून, मग पांढरा, आता फिकट निळा.

मी म्हटलं, "परत बदललं तर मुलं गोंधळतील." तो म्हणाला, "जुन्या नावाशी कुणाचं नातंच नाहीये, सो नो लॉस." मॅडमनी मान डोलावली. मीही डोलावली. मुद्दा तसा बिनतोड होता.

यापुढे जुन्या नावाचे टी-शर्ट स्टँडमध्ये चालणार नाहीत. सगळीकडे एकच रंग दिसला पाहिजे. नियम मी लिहिला. चांगला लिहिला.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

आजपासून नवी व्यवस्था. दारात प्रत्येकाने कॉलेजचं कार्ड स्कॅन करायचं, म्हणजे आकडा पक्का मिळतो. कॅमेऱ्यासमोरच्या बाजूला मऊ गाद्या घातल्या. हवा भरलेल्या प्लास्टिकच्या काठ्या वाटल्या, आपटल्या की आवाज होतो. पातेल्याचं झाकण सेफ्टीच्या कारणाने बंद. कोपऱ्यातल्या जागांवर पट्टी लावून टाकली. आणि हाफटाइमला शावरमा फुकट. व्हॉलीबॉलला हाफटाइम नसतो हे कोच हातिमनी मला सांगितलं. मी म्हटलं, दुसऱ्या सेटनंतर द्या.

काय झालं? माणसं आली! लांबच लांब रांग लागली. शावरमा घेतला, खाल्ला, गेली. तिसऱ्या सेटला मी आणि काठ्या उरलो.

अवधूतच्या कंपूला मी स्वतः गाद्यांवर नेऊन बसवलं. "इथून किती छान दिसतं बघा." लग्नात नवऱ्या मुलाचे दूरचे नातेवाईक बसतात तशी ती पोरं बसली, गुडघे जुळवून. काठ्या मांडीवर. फजल एकदा नेटच्या खांबापर्यंत घसरत गेला. एकाने तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. ‘गो वेव्ह्ज’ म्हणायचं असं मी बोर्डावर लिहून दाखवत होतो, कुणी म्हणेना.

दारात आणखी एक कटकट. मागच्या वर्षी पास झालेला एक मुलगा फाल्कन्सचा मरून टी-शर्ट घालून आला. सिक्युरिटीने अडवला, मला बोलावलं. मी नीट समजावलं की बाबा, आत फुकट निळा मिळतो, हा काढून तो घाल. तो म्हणाला, "सर, मी यात खेळलोय." मी म्हटलं, "त्याबद्दल अभिमानच आहे, पण नियम आहे." त्याच्याकडे स्कॅन करायला कार्डही नव्हतं. तो थोडा वेळ काचेतून आत बघत राहिला आणि निघून गेला. असल्या हट्टी माणसांपुढे काय करायचं?

गाडीत जेनला विचारलं, "कसं वाटलं?" ती म्हणाली, "क्लीन." तारीफ होती का, कळलं नाही.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

ऑल सेंट्स. चर्चमधून आलो आणि अलेक्सला, माझ्या मोठ्या भावाला, वसईला आमच्या गास गावी फोन लावला. उद्या मृतांचा सण, आईबाबांच्या कबरीवर फुलं घालायची त्याला आठवण केली. मग नेहमीसारखं टुर्नामेंटवर आलो. म्हणाला, या वर्षी परत नंदाखालवाल्यांशी फायनल आहे.

"कोण खेळतंय आपल्या आळीतून?"

"बावखलाच्या काठावरच्या जॉनसनचा मुलगा. बापासारखाच आहे, सर्व्ह नेटमध्ये आणि शिव्या आभाळात."

मी इतका हसलो की शेरॉन बघायला आली. जॉनसनने एका फायनलला मॅच पॉइंटवर सर्व्ह नेटमध्ये मारली होती. नंतर वर्षभर त्याला बाजारात कुणी कोळंबी धड मोजून दिली नाही. त्याची आई मैदानात येऊन पंचाशी भांडायची. फादर माइकवरून सांगायचे, "कृपया भिंतीवरून उतरा, भिंत पडेल." कुणी उतरायचं नाही. एका वर्षी खरंच पडली.

फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. तिथे काय होतं? बसायला जागा नाही, पाणी नाही, धूळ, डास. आम्ही बारा वर्षांत एकदा जिंकलो. तरी सगळी आळी यायची. इथे गाद्या आहेत, एसी आहे, शावरमा आहे, टीम जिंकतेही अधूनमधून. तरी यांना यायला नको. आजकालच्या पोरांना कशाचंच काही वाटत नाही, दुसरं काय.

बुधवार, २० नोव्हेंबर

मंगळवारी जिममध्ये करिअर फेअर होतं म्हणून मॅच बुधवारवर ढकलली. बुधवारी परीक्षेची बाकं लागली म्हणून ती शहराबाहेर लुसैलच्या भाड्याच्या हॉलमध्ये गेली. मागची मॅच सोमवारी होती, त्याआधीची गुरुवारी. मीच वेळापत्रकाचं पोस्टर तीनदा बदललं.

लुसैलला बस ठेवली, पन्नास सीटची. आमची पोरं हॉस्टेलात राहत नाहीत. कुणाला आई न्यायला येते, कुणाला ड्रायव्हर, कुणी अल रय्यानहून कुणाच्या तरी गाडीत कोंबून येतं. क्लास संपला की कँपस झाडल्यासारखा रिकामा. बस सुटायच्या वेळी ड्रायव्हर, मी आणि अवधूत. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "यल्ला?" मी म्हटलं, "यल्ला." दुसरं काय म्हणणार.

अवधूत माझ्या शेजारी येऊन बसला. मला बरं वाटलं, रिकाम्या बसमध्ये एकटं बसणं फार वाईट.

"बाकीचे कुठे आहेत रे? पूर्वी तर यायचे."

"अंकल, खरं सांगू? पूर्वी मजा यायची."

"आता काय कमी आहे? उलट सगळं वाढवलंय."

 तो म्हणाला, "ते पोछा होतं ना, ते फजलनेच सुरू केलं होतं. फर्स्ट इयरला जिममध्ये घाम पुसायला कुणी नसायचं. तोच पॉइंटच्या मध्ये पळत जाऊन टॉवेलने लादी पुसायचा. मग म्हणाला, मी असंही पुसतोच आहे, तर अंगानेच पुसतो. तेव्हापासून."

"पण ऐकायला बरं वाटत नाही. पालक येतात, बोर्डाची माणसं येतात."

"हो, अंकल."

"दुसरं काहीतरी चांगलं सुचवा ना. मी छापून देतो."

"हो, अंकल," तो परत म्हणाला आणि कानात इअरफोन घातले.

मुलगा चांगला आहे, पण त्याच्यात इनिशिएटिव्ह नाही. मॅच आम्ही जिंकलो. मला ते परतीच्या बसमध्ये कळलं. मी तेव्हा पार्किंगमध्ये, दुसऱ्या बसमधून कुणी येतंय का ते बघत होतो. दुसरी बस नव्हतीच.

मंगळवार, १४ जानेवारी २०२५

आज बोर्डाची माणसं मॅच बघायला येणार होती. गेल्या आठवड्यात हजरा मॅडमनी दार लावून सांगितलं, "डग्लस, स्टँड भरलेला दिसलाच पाहिजे." मी म्हटलं, "मॅडम, भरणार कुठून?" त्यांनी एका इव्हेंट कंपनीचा नंबर दिला. ही कंपनी माणसं पुरवते. जेवण द्यायचं, टी-शर्ट द्यायचा, ती बसतात.

मला पटलं नाही. पण टीम वाचत असेल तर काय हरकत आहे, असं मनाला सांगितलं. कोच हातिमची दोन मुलं इथल्या शाळेत आहेत, टीम गेली तर त्यांची नोकरी जाते, मग व्हिसा, मग बिऱ्हाड. हे सगळं माझ्या डोक्यात होतं.

तीन बसेस आल्या. दिवसभर उन्हात काम करून, आंघोळ करून, भांग पाडून आलेली माणसं. रांगेत आत गेली, निळे टी-शर्ट घातले. शिट्टी घेतलेला एक सुपरवायझर समोर उभा. तो हात वर करी, सगळे टाळ्या वाजवत. स्टँड खच्चून भरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला ते जिम जिमसारखं वाटलं. मी दारात निरोप पाठवला: हाउस फुल, आता कुणाला सोडू नका.

मग पाहुण्यांची टीम कोर्टवर आली. त्यांचेही कपडे निळे. आमचा फिकट, त्यांचा गडद.

माझ्या जवळ बसलेले एक चाचा, दाढी पांढरी, गोरखपूरकडचे असावेत, माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "साहब, इनमें अपने कौन से हैं?"

"नीले वाले."

"दोनों नीले हैं, साहब."

"हलके वाले." त्यांनी मान हलवली आणि मन लावून बघू लागले. पण सुपरवायझरलाही तोच घोटाळा. पाहुण्यांनी स्मॅश मारला की याचा हात वर, टाळ्यांचा कडकडाट. आमची पोरं गांगरली. फजल एकदा अंग टाकून घसरत गेला, बॉल उचलला, उठला आणि त्याने स्टँडकडे पाहिलं. सवयीने असेल. एवढी माणसं आणि सगळं शांत, कारण हात वर झाला नव्हता. फक्त चाचा एकटेच म्हणाले, "वाह, बेटा." सुपरवायझरने त्यांच्याकडे डोळे वटारले.

हरलो. बोर्डाची माणसं मात्र खूश. मॅडमनी फोटो काढले, "मबरूक, डग्लस!" म्हणत माझं अभिनंदन केलं. मी घरी शिट्टी वाजवत आलो.

शेरॉन दारातच उभी. "तुझी मुलगी कुठे होती आज?"

"मला काय माहीत? आली नसेल. येतात कुठे ही पोरं?"

"आली होती. अवधूत, ती, बरेच जण. बोर्ड येणार म्हणून त्यांनी आपणहून सगळ्यांना गोळा केलं होतं. तुझ्या माणसाने दारातून परत पाठवलं. हाउस फुल म्हणे. दोन सेट बाहेर पार्किंगमध्ये उभे होते, काचेतून बघत."

मी जेनच्या दारावर टकटक केली. 

बुधवार, १५ जानेवारी

जेन बोलत नाही. मी म्हटलं, तुला यायचं होतं तर मला फोन करायचा. ती म्हणाली, "डॅडी, इट्स अवर टीम. फोन कशाला करायचा?" शेवटचं वाक्य मराठीत होतं. रागावली की येतं वाटतं.

मी काय मुद्दाम केलं? मी सगळं त्यांच्यासाठीच केलं.

रविवार, २ फेब्रुवारी

टीम बंद.

हजरा मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं, तेव्हाच ओळखलं. "खलास, डग्लस. मी खूप प्रयत्न केला." मी म्हटलं, "पण स्टँड तर भरला होता! बोर्डाने डोळ्यांनी पाहिलं." त्या म्हणाल्या, "हो, पण त्यांनी नंतर गेटचे आकडे मागवले. त्या दिवशी आपल्या स्टुडंट्सचं एकही कार्ड स्कॅन झालेलं नाही. शून्य. बोर्ड म्हणतं, एवढी गर्दी जमली आणि त्यात आपला एकही विद्यार्थी नाही, म्हणजे मुलांना खरंच यात रस नाही."

मी सांगायचा प्रयत्न केला की मुलं आली होती, दाराबाहेर होती. मॅडम म्हणाल्या, "का नव्हती आत?" मी म्हटलं, "जागा नव्हती." त्यांनी फाइल मिटली.  ते स्कॅनर मुळात बसवायलाच नको होतं. कुणी सुचवलं होतं ते? मीच. पण चांगल्या हेतूने.

अ‍ॅडमिशनमधली माझी जुनी खुर्ची रिकामीच आहे. कोच हातिमची नाही. करार मेमध्ये संपतो, मुलांची शाळा जूनमध्ये. त्यांना सांगायला मीच गेलो. ते नेट गुंडाळत होते. मी दुसरं टोक धरलं. मला वाटलं ओरडतील, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"डग्लस," ते म्हणाले, "फजल वर्षभर कुठल्या गुडघ्याला पट्टी बांधून खेळतोय?"

मी आठवायला लागलो. डावा म्हणालो.

"दोन्ही, हबीबी." त्यांनी नेट माझ्या हातातून घेतलं. "तू प्रत्येक मॅचला होतास. मी बघायचो तुला. तुझी पाठ नेहमी आमच्याकडे असायची."

मी म्हटलं, माझं कामच ते होतं, प्रेक्षकांकडे बघायचं. ते म्हणाले, "शुक्रन. तू मेहनत खूप केलीस." हे शुक्रन, हे आभार, मला दिवसभर खुपतंय. एवढं राबून वर मलाच ऐकून घ्यायचं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

स्पोर्ट्स डे, देशभर सुट्टी. कॉलेजने ‘वेलनेस वॉक’ काढला. फिकट निळे टी-शर्ट उरले होते, ते वाटले. मॅडमनी फीत कापली. वीस मिनिटं चाललो, केळं खाल्लं, घरी आलो.

जेन बुटांची नाडी बांधत होती. मी विचारलं कुठे. शेरॉनने डोळ्यांनी खुणावलं तेव्हा बोलली. टीम खेळतेय. अल दुहैलला कुणाच्या तरी कंपाउंडमागे उघड्यावरचं कोर्ट आहे, दर मंगळवारी. कोच हातिम येतात. कॉलेजचं नाव नाही, कपडे कसलेही, समोर लुसैलच्या ऑफिसांतली पोरं नाहीतर एखाद्या हॉस्पिटलची टीम.

"आणि बघायला?"

"आम्ही असतो."

"इन्स्टाग्रामवर काही दिसलं नाही मला."

"नाहीये. वी जस्ट गो, डॅडी."

मी लगेच उठलो. माझ्या डोक्यात आलं: उघड्यावर आहे म्हणजे खुर्च्या लागतील. पाण्याचे कॅन. एक छोटा स्पीकर मिळाला तर. गाडीच्या डिकीत निळे बॅनर पडलेत. मी बोलत होतो आणि जेनचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी तिने माझा दंड धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

"तू पुढच्या वेळी ये. पण काही आणू नकोस. काही करू नकोस. नुसता ये. प्रॉमिस?"

मी म्हटलं, "आणि मी तिथे जाऊन करू काय?"

शेरॉन हसायला लागली. का, ते सांगेना. जेन निघून गेली. मला खरंच कळत नाही, मदत नको म्हणजे काय? हात हलवत जाऊन माणसाने उभं तरी कसं राहायचं?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बॉल आत होता!

मी अगदी रेषेला लागून होतो. बॉल रेषेवर पडला, पांढरी चुन्याची पूड उडाली, ती मी या डोळ्यांनी पाहिली. आणि तो लुसैलवाल्यांचा माणूस, टाय खिशात कोंबलेला, ऑफिसातून सुटून आलेला बँकवाला, लाइनवर उभा राहून सांगतो, आउट! पूड काय वाऱ्याने उडाली?

पाचवा सेट होता. आधीचे दोन आपण हरलो, मग दोन घेतले. फजलचा उजवा गुडघा चौथ्या सेटपासूनच गेलेला, तो उतरताना भार सगळा डाव्यावर टाकतो, ते दिसत होतं. मी शेरॉनला दाखवलंही. ती म्हणाली, "लिगामेंट आहे, याला कुणीतरी बसवा." पण तो कसला बसतोय! शेवटचा तो बॉल त्याने कुठून काढला देव जाणे. जवळजवळ कुंपणातून. आपल्या टीमच्या एका दांडग्या पोराने तो आडवा मारला आणि बरोबर रेषेवर पाडला. रेषेवर!

मी आत गेलो. कोर्टवर जायचं नसतं, मला माहीत आहे, मी स्वतः खेळलोय. पण गेलो. त्या बँकवाल्याला हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत, मग काय झालं कुणास ठाऊक, आमच्या गासच्या भाषेतच सुरू झालो, जी मी इथे घराबाहेर कधी काढलेली नाही. त्याला ओ की ठो कळलं नसेल, पण तो दोन पावलं मागे सरकला. कोच हातिमनी मला कमरेला धरून बाहेर काढलं. "यल्ला, डग्लस, यल्ला, बस कर," म्हणत होते आणि हसत होते. मागे जेनची मैत्रीण विचारत होती, हा कोण? जेन म्हणाली, माझे वडील. बरं झालं सांगितलं, नाहीतर मला कुंपणाबाहेर काढलं असतं.

त्या एका पॉइंटपायी हरलो. एका पॉइंटपायी! तोही चोरलेला.

घरी येऊन शेरॉनने जेवायला वाढलं. मी तिला मीठदाणी आणि चमचे मांडून परत दाखवलं, कुठे बॉल, कुठे रेषा, कुठे तो बँकवाला. ती म्हणाली, "मी तिथेच होते, डग्लस." असेना. नीट दिसलं नसेल तिला. मासळी गार झाली. घसा असा बसलाय की उद्या अ‍ॅडमिशनच्या फोनवर काय बोलणार, प्रश्नच आहे.

पुढच्या मंगळवारी परत त्यांच्याशीच आहे. रमजानच्या आधीची शेवटची. मी लवकर जाणार आहे आणि त्या रेषेपाशीच उभा राहणार आहे. बघतो आउट कसा देतो ते.